आधी पाणी, मग वस्तरा

मागच्या महिन्यात पुण्याहून नातवाचा फोन आला. "आबा, मी वस्तरा घेतला." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. कानांचं काही खरं नाही आता. पण नाही, खरंच वस्तरा! उघडझाप करायचा, लाकडी मुठीचा, सोबत धार परजायला चामड्याचा पट्टा आणि ब्रश. सगळं इंटरनेटवरून मागवलेलं. व्हिडिओ पाहून पठ्ठ्यानं स्वतःची दाढी केली, हनुवटीखाली दोनदा कापलं आणि गळ्यावर बारीक पुरळ उठलं. "आपल्या घराण्याची दाढीच फार राठ आहे हो आबा. वस्तरा ओढला की अडतो."

मी विचारलं, "भिजवली किती वेळ?"

"भिजवली म्हणजे? तोंड धुतलं, फेस लावला आणि सुरू केलं."

तिथंच सगळं आलं. वस्तऱ्याचा काही दोष नव्हता, घराण्याचाही नव्हता. फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण मनात बरंच काही वर आलं. ते इथं लिहून काढतो. पुष्कळ दिवसांत काही लिहिलं नाही म्हणून काही मंडळी रागावलीही आहेत. तर मंडळी, आज दाढी. बायामाणसांनीही वाचावं, त्यांचाही संबंध पुढं येणार आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं वाचलंत की कळेल. माझं लहानपण म्हणजे 1950 नंतरची दहा-बारा वर्षं. दर बुधवारी सकाळी म्हाली आमच्या ओसरीवर यायचे. आमच्या वऱ्हाडात न्हाव्याला म्हाली म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर 1916 साली जे मोठं पुस्तक काढलं, त्यातही नाई, हजाम यांच्याबरोबर म्हाली हे नाव नोंदलेलं आहे. आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो. वडील मात्र एकेरी हाक मारत, वयानं ते वडिलांपेक्षा मोठे असूनही. तेव्हा ते कुणालाच खटकत नव्हतं. आता लिहिताना खटकतं.

काकांच्या काखेत धोकटी. कातड्याची, तेल पिऊन काळी झालेली. तिच्यात दोन वस्तरे, कातर, नखं काढायची नराणी, धार लावायचा गुळगुळीत दगड, पट्टा, तुरटीचा खडा, कडा झिजलेला आरसा आणि एक पितळी वाटी. दोन वस्तऱ्यांपैकी एक साधा, दुसरा त्यांच्या वडिलांचा. त्या दुसऱ्याच्या पात्यावर इंग्रजी अक्षरं होती. मी इंग्रजी शिकायला लागलो तेव्हा काकांनी तो माझ्यापुढं धरला, "बाबू, वाच बरं काय लिवलं हाय थे." मी अक्षरं जुळवत वाचलं, शेफिल्ड. इंग्लंडातलं पोलादाचं गाव. बापाच्या हातात चाळीस वर्षं आणि आपल्या हातात तितकीच राहिलेली वस्तू कुठून आली, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते नुसते हसले आणि वस्तरा पट्ट्यावर फिरवायला लागले.

माझं काम पाण्याचं. चुलीवरून तांब्याभर पाणी आणायचं आणि वाटीत ओतायचं. वाटी त्यांची, पाणी ज्याच्या घरची दाढी त्याच्या घरचं. पण पाणी कुठलंही चालत नसे! आमच्या घरामागच्या विहिरीचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नसे, साबण फेसाळत नसे, नुसता पांढरा चोथा धरायचा. शाळेत शिकवायला लागल्यावर विज्ञानाच्या सरांकडून कारण कळलं, की पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी बांधले जातात आणि फेस होऊ देत नाहीत. काकांना क्षार माहीत नव्हते. त्यांचा हिशोब सरळ होता, ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ मऊ शिजते त्याच विहिरीचं पाणी दाढीला. म्हणून मला देवळाजवळच्या विहिरीचं पाणी आणावं लागे. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी असलं तर काका खूश.

आता ते पाणी घेऊन ते काय करत ते सांगतो. आधी ओल्या फडक्यानं सगळा चेहरा पुसायचे, धूळ आणि घामाचं तेल निघावं म्हणून. शेतात राबणाऱ्या माणसाच्या दाढीत आठ दिवसांची धूळ असते. त्या धुळीवर वस्तरा घातला तर धार गेलीच म्हणून समजा. मग बोटं वाटीत बुडवून गालावर पाणी चोळायला सुरुवात. कानशिलापासून खाली, मग गोल गोल, मग केसांच्या उलट दिशेनं. मिशीच्या खालची आणि हनुवटीची जागा सगळ्यात राठ, तिथं जास्त वेळ. हात थांबत नसे आणि तोंडही थांबत नसे. कुणाचा बैल विकला, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, सगळ्या गावची खबर त्या पाण्याबरोबर गालात मुरायची. मला तेव्हा वाटायचं की गप्पांसाठी वेळ काढतात. खरं उलट होतं. केस भिजायला वेळ लागतो, तो वेळ गप्पांनी भरून काढायचा.

वडिलांना घाई असली की म्हणत, "आता पुरे, घे वस्तरा." काका म्हणत, "थांबा मालक. केसाले पानी पेऊ द्या. तहानेला केस वस्तऱ्याले चावते."

तहानेला केस वस्तऱ्याला चावतो. मला हे वाक्य त्यांचं एक बोलणं म्हणूनच आवडायचं. पण 2020 साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. पोलाद केसापेक्षा जवळजवळ 50 पट कठीण असतं, मग केस कापून कापून पातं बोथट का होतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली तर दिसलं, की धार नुसती झिजत नाही. केस वाकून तिरपा लागला, की धारेचे अगदी सूक्ष्म टवके उडतात. म्हणजे केस खरंच चावतो! अभ्यास छापून आला तेव्हा काका जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

भिजलेल्या केसाचं शास्त्रही साधं आहे. केस म्हणजे केराटिन, आपल्या नखाचंच भावंडं. कोरडा असताना ताठ आणि चिवट. पाण्यात राहिला की आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत पाणी धरतो, थोडा फुगतो, आतले दुवे सैल होतात आणि तो मऊ पडतो. कापायला जोर फार कमी लागतो. पण हे एका क्षणात होत नाही, दोन-तीन मिनिटं तरी लागतात. राठ दाढीला त्याहून जास्त. गरम पाण्यात लवकर होतं. आणि केसावर तेलाचा पापुद्रा असेल तर पाणी आत शिरत नाही, म्हणून आधी पुसणं आणि साबण. साबणाचं खरं काम ते तेल काढायचं आणि पाणी केसाजवळ धरून ठेवायचं. आमच्या काकांकडे साबण फार उशिरा आला. ती गोल वडी आणि ब्रश ते फक्त लग्नातल्या नवरदेवासाठी काढत. बाकी गावाची दाढी नुसत्या पाण्यावर आणि बोटांवर.

पुढचं सगळं त्या भिजवण्यावर उभं. डाव्या हाताच्या अंगठ्यानं कातडी ताणायची, वस्तरा जवळजवळ आडवा धरायचा, आधी केस ज्या दिशेला वळतात त्या दिशेनंच ओढायचं. उलटा हात शक्यतो नाही, केलाच तर पुन्हा पाणी लावून. नातवानं नेमका उलटा हात आधी केला होता. असो.

ही पाण्याची गोष्ट किती जुनी असावी? मी मराठी घेऊन बी.ए. झालो, संस्कृत जेमतेम. पण निवृत्तीनंतर चाळता चाळता अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातलं 68 वं सूक्त हाती लागलं आणि मी चकित झालो. ते चक्क हजामतीचं सूक्त आहे. सविता देव वस्तरा घेऊन आला आहे, तर वायूनं गरम पाणी घेऊन यावं, अशी हाक आहे. पुढच्या ऋचेत अदितीनं दाढी करावी आणि पाण्यानं आपल्या तेजानं ती भिजवावी, असं मागणं आहे. देवांनाही गरम पाणी लागतं! आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात मुलाच्या चौलाच्या, म्हणजे जावळाच्या विधीत थंड आणि गरम पाणी एकत्र करायला सांगितलं आहे. नापिताला बजावायचं, की या कोमट पाण्यानं पाण्याचं जे काम आहे ते कर आणि इजा न करता नीट हजामत कर. सोळाव्या वर्षी गोदान नावाचा संस्कार असे, तो पहिल्या दाढीचा. त्यात केसांऐवजी श्मश्रू म्हणायचं आणि दाढी भिजवायची. म्हणजे ज्यानं ही सूत्रं रचली त्याला ठाऊक होतं, की मुलगा कापला जातो तो वस्तऱ्यानं नाही, घाईनं.

आणि हे न्हावी शब्दाचं पाहा. संस्कृत नापित, त्याचं मूळ अभ्यासक स्ना म्हणजे न्हाणे या धातूकडे नेतात. न्हाऊ घालणारा तो न्हावी. म्हणजे त्याच्या नावात पाणी आहे, वस्तरा नाही! आणि आपण ‘हजामत केली’ हे फजितीसाठी वापरतो, हजाम हा शब्द शिवीसारखा टाकतो. त्या समाजाला नाभिक म्हणवून घ्यावंसं वाटलं, यात नवल काय?

संत सेना महाराजांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. त्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला असते, गावोगाव नाभिक समाज ती साजरी करतो. त्यांचं एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहे. गोष्ट अशी, की सेना पूजेत रमले, राजाचं बोलावणं आलं तरी उठले नाहीत, तेव्हा देवच त्यांचं रूप घेऊन धोकटी काखेत मारून गेला आणि राजाची सेवा केली. राजानं वाटीत पाहिलं तर चतुर्भुज रूप दिसलं. लहानपणी ही कथा ऐकली, की मी बुधवारी काकांच्या वाटीत वाकून पाहायचो. मला माझंच तोंड दिसायचं, आणि त्यामागं ओसरीची वळचण.

इथवर लिहायला सोपं होतं. आता जे लिहायचं त्यासाठी गावाचं नाव दिलं नाही.

दाढी झाली, की वडील आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नसत. काकांना ओसरीच्या पायरीखाली बसायचं. ज्यांची बोटं अर्धा तास वडिलांच्या गालावर फिरली, त्यांना चहा वेगळ्या कपात, आणि तो कप वळचणीला. बलुत्याची ज्वारी सुगीत खळ्यावरून मिळायची, ती मोजताना वडिलांचा हात थोडा आखडायचा, हे मी पाहिलेलं आहे. हे झालं काकांचं. पण काकांची वाटी गावातल्या सगळ्या घरी जायची, एक भाग सोडून. त्या काळी ज्याला महारवाडा म्हणत, तिथं ती धोकटी कधी गेली नाही.

माझा एक वर्गमित्र त्या वाड्यातला होता. त्याचे केस त्याचे काका घरच्या कातरीनं कापत, पायऱ्या पायऱ्यांचे. आम्ही हसायचो. मीही हसायचो. एका बुधवारी मी म्हाली काकांना विचारलं, त्याचे केस तुम्ही का नाही कापत? ते वस्तरा पुसत होते. वडील आंघोळीला गेले होते, त्या बाजूला एकदा पाहून म्हणाले, "मी कापीन गा बाबू. मंग तुह्या घरी मले कोन पायरीवर बसू देईन?"

मी कितीतरी वर्षं शाळेत मुलांना सांगायचो की जुन्या काळी न्हावी लोक अस्पृश्यांचे केस कापत नसत. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. आमच्या गावी न्हाव्याच्या हाताला दोरी होती आणि तिचं दुसरं टोक आमच्या ओसरीवर होतं. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्यातलं लहानपण लिहिलं आहे. न्हावी पुष्कळ होते, पैसे द्यायची ऐपत होती, तरी भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. 1950 च्या घटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता संपवली. 1955 साली त्यासाठी कायदा आला, आणि त्यात दुकान या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात केस कापायचं सलून नाव घेऊन घातलेलं आहे. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं, नाव घेतलं नाही तर पळवाट निघेल. पण आमच्या गावात सलूनच नव्हतं, ओसरी होती. ओसरीला कायदा कोण लावणार?

आता बायकांचा संबंध. हाच वस्तरा विधवांच्या डोक्यावरूनही फिरायचा, आणि तोही न्हाव्याच्या हातून, दुसऱ्याच्या हुकमानं. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी संप केला, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. सत्यशोधक चळवळीतली ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकतात. मला ती फार मोठी वाटते. ज्यांना धर्मशास्त्रात काही आवाज नव्हता त्यांनी नुसतं हत्यार खाली ठेवून धर्मशास्त्र्यांना प्रश्न विचारला. मग आमच्या काकांनी का नाही ठेवलं? मी स्वतःशी पुष्कळ वेळा विचारलं आहे. मुंबईत शेकडो न्हावी होते, गिऱ्हाईकं त्याहून जास्त, आणि ज्वारीच्या मापाऐवजी रोख पैसा होता. गावात काका एकटे. त्यांची चार पोरं आमच्या खळ्यावरच्या ज्वारीवर जगत होती.

काकांची कला गेली ती मात्र कुठल्या कायद्यानं नाही, पात्यानं. किंग जिलेट नावाच्या अमेरिकन माणसाचं बदलत्या पात्याचं यंत्र 1903 साली बाजारात आलं. पहिल्या वर्षी खपले 51 रेझर. पुढच्या वर्षी 90 हजारांवर. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ते सरकारनंच वाटले, आणि परत आलेले लोक घरीच दाढी करू लागले. आमच्याकडं ही लाट पुष्कळ उशिरा आली. माझ्या कॉलेजच्या वेळेपर्यंत दारव्ह्याच्या बाजारात पाती आणि पितळी रेझर सहज मिळत होते. वडिलांनी घेतला. मग बुधवार आधी पंधरा दिवसांवर गेला, मग सणावारावर. काका आठवडी बाजारात झाडाखाली बसू लागले. गिऱ्हाईक इटेवर बसतं म्हणून लोक त्याला ‘इटालियन सलून’ म्हणत, तुम्हीही ऐकलं असेल. ते हसण्यावारी न्यायचे. पण त्यांच्या मुलानं धोकटी घेतली नाही, तो नागपूरला गिरणीत गेला.

मी या सगळ्याबद्दल हळहळत असे. कला गेली, निवांतपणा गेला, माणसाचा हात गेला, यंत्र आलं, वगैरे. निवृत्तीच्या वेळी शाळेत भाषण झालं त्यातही मी काकांच्या वाटीचा उल्लेख केला. लोकांना आवडलं. खाली उतरलो तेव्हा माझा तो वर्गमित्र भेटला. तोही तोवर एस.टी.तून निवृत्त झालेला. म्हणाला, "भाषन चांगलं झालं तुह्यं. पन पातं आलं तवा तुमच्या घरची मजा गेली असंन, आमच्या घरी दिवाळी झाली."

मग त्यानं जे सांगितलं ते मला पन्नास वर्षांत कधी सुचलं नव्हतं. पातं आलं तसं त्याच्या वडिलांनी बाजारातून रेझर आणला. कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कुणाची मिनतवारी नाही, चार पैशांच्या पात्यात आपली दाढी आपल्या हातानं. घरातली सगळी पोरं भोवती बसून पाहत होती. पण म्हातारा कोरड्या गालावर पातं ओढायचा. वरून थोडं थंड पाणी, अंगाला लावायचा साबण, आणि खसाखसा. दर वेळी रक्त. गाल कायमचा सोललेला. "बापाले वाटे, दाढी म्हन्ल्यावर कापनारच. कोनी सांगितलंच नाही ना, की आधी भिजवा लागते. सांगनार कोन? ज्याले माहीत होतं थो आमच्या घरी येतच नव्हता."

केस भिजवायचे ही काही पुस्तकातली विद्या नव्हे. ती बोटांतून गालात जाते. ज्याच्या गालाला ती बोटं लागली त्याला न शिकवता कळतं. ज्याला लागली नाहीत, त्याच्या हाती हत्यार आलं तरी पाणी आलं नाही. माझ्या वडिलांना रेझर घेतल्यावर कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी ते आधी दहा मिनिटं गरम पाण्याचं फडकं गालावर धरून बसत. मला वाटायचं, हे सगळ्यांनाच माहीत असतं.

मित्र पुढं यवतमाळला वसतिगृहात राहून शिकला. तिथं बसस्टँडजवळच्या सलूनमध्ये पहिल्यांदा खुर्चीत बसला. "बसलो त खरं, पन छातीत धडधड होये. थो इचारते का काय, की गाव कोन्तं, वाडा कोन्ता. त्यानं काहीच इचारलं नाही. गरम पान्याचं फडकं तोंडावर टाकलं. मले वाटलं, आता घरी जाऊन बापाले हे सांगाचं." आणि सुट्टीत गेल्यावर त्यानं खरंच चुलीवर पाणी ठेवलं, बापाला दारात बसवलं आणि स्वतःच्या हातानं त्याची दाढी भिजवली. बाप आधी संकोचला. पोराकडून सेवा घ्यायची सवय नव्हती म्हणून नाही, गालाला दुसऱ्या कुणाचा हात लागायची सवय नव्हती म्हणून. त्या दिवशी रक्त आलं नाही.

सलूनचं पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 1986 साली भारतात एड्सचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतरच्या काही वर्षांत जुना धारेचा वस्तरा मागं पडला, त्याच्या जागी अर्धं मोडलेलं पातं बसवायचा वस्तरा आला. हे चांगलंच झालं, एकाचं रक्त दुसऱ्याला लागायचं कारण उरलं नाही. पट्टा आणि दगड मात्र गेले. आणि पाणी गेलं बाटलीत. मी यवतमाळला ज्या पोराकडे जातो तो फवाऱ्याच्या बाटलीतून थंडगार पाण्याचे दोन फवारे मारतो, ट्यूबचा फेस थापतो आणि लगेच पातं. उन्हाळ्यात ठीक, आमच्याकडं 45 अंशांत बाटलीतलं पाणी आपोआप गरम असतं! पण जानेवारीत? मी म्हणतो, "बाबा रे, थोडं थांब." तो म्हणतो, "गुरुजी, मागं सहा नंबर हायेत." त्याचंही खरं. खुर्चीचं भाडं निघायला पाहिजे. पण सहा नंबर कोणकोण, कुठल्या वाड्यातले, हे त्याला माहीत नाही आणि तो विचारतही नाही. मी थंड पाण्याबद्दल कुरकुर करत खुर्चीत बसतो आणि आरशात मागच्या बाकावरची माणसं पाहतो.

काका गेले तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो, मला उशिरा कळलं. धोकटी त्यांच्या घरी राहिली असती तर एकदा पाहायची होती, शेफिल्डच्या त्या पात्यासाठी. मुलगा म्हणाला, मोडीत गेली. वाटीसुद्धा.

नातवाला आता सगळं लिहून पाठवलं आहे. आंघोळीनंतर दाढी कर, आधी साबणानं तेल काढ, गरम फडकं पाच मिनिटं, मग फेस लावून पुन्हा दोन मिनिटं बोटांनी चोळ, हनुवटीला जास्त, आणि उलटा हात महिनाभर विसर. त्याचा कालच निरोप आला की पुरळ बसलं आणि वस्तरा अडत नाही.

हे इथं टाकण्याआधी मित्राला फोनवर वाचून दाखवलं, कारण अर्धी गोष्ट त्याची आहे. त्यानं मधे कुठं टोकलं नाही. त्याच्या बापाचा भाग आला तेव्हा नुसता हूं म्हणाला. संपल्यावर विचारलं, "पानी किती गरम पाह्यजे थे लिवलं का?"

मी म्हटलं, राहिलं.

"मंग थे लिही ना आधी. मी बापाच्या मनगटावर दोन थेंब टाकून पाहो. लेकराच्या दुधाचं पाह्यते ना बाई, तसं. त्यानं हात नाही ओढला, की समजाचं बरोबर हाय."